कोपरानं बघितलेलं पाणी

गुऱ्हाळ बंद पडून सहा वर्षं झाली.
काहील मागच्या परड्यात पालथी,
तिच्यावर कोंबड्या बसतात.

संकेश्वरच्या खालच्या अंगाला, हिरण्यकेशीच्या काठी
एकतीस हंगाम मी चुलवाणाच्या धगीत उभा होतो.
फेस पिवळा कधी, तांबूस कधी,
पाक बोटावर घेऊन गार पाण्यात गोळी करायची,
ताटावर मारली की टण्ण वाजायची.
तेवढ्यावर मी सांगायचो, "उतरा."
आठजण काहील उतरायचे.

आता माझ्याच बोटातनं थेंब काढतात.
यंत्र पाचापासनं उलटं मोजतं
आणि न वाजता सांगतं, दोनशे ऐंशी.

तळवे तर माझे राहिलेच न्हाईत.
चप्पल निसटली की मागचा माणूस हाक मारतो.
"चाला," हुबळीचा डॉक्टर म्हणाला,
मग पट्टी सोडून पायाकडं बघितलं
आणि बराच वेळ पेनाचं टोपण लावत बसला.
गोळ्या, सुई चालूच ठेवा, म्हणाला,
पण जखम भरली की गरम पाण्यात बसून बघा.
अंग तापलं की रक्ताच्या वाटा रुंद होतात,
मांसाला वाटतं माणूस चालूलालाय,
मग ते साखर आत ओढतं, थोडी का असेना.
त्यानं कन्नडात सांगितलं, निम्मं मला कळलं,
निम्मं निंगव्वा सिस्टरनं मराठीत करून दिलं.
"म्हणजे अंगाला फसवायचं?"
"फसवायचं की," ती हसली, "जरासं."

निळं पिंप आडवं कापून टाकी केली.
जळणाला चिपाड, तेच जुनं, गोडसर धुराचं.
कस्तुरी, माझी सून, पाण्यात कोपर बुडवते,
तान्ह्या पोराला न्हाऊ घालताना बुडवतात तसं.
जास्त झालं की बादली ओतते,
"साकु," म्हणते माहेरच्या भाषेत.
तिच्या कोपरावर माझा भरवसा आहे,
पायांवर न्हाई.

छातीपर्यंत पाणी. अर्धा तास.
काळीज चढ चढल्यासारखं धडधडतं
आणि मी बसल्या जागी गडहिंग्लजची वाट धरतो.
मैलाच्या दगडावरची अक्षरं बदलतात मधेच कुठंतरी,
दोन्हीकडं ऊस एकाच उंचीचा.
कुणी अडवत न्हाई. घाम मात्र खरा.

पहिल्या आठवड्यात आकडा उतरला,
दोनशे चाळीस, दोनशे तीस.
मग एका सोमवारी पुन्हा दोनशे नव्वद.
का, ते डॉक्टरलाही सांगता आलं न्हाई.
रसाचं तसंच असतं.
एकाच रानातला ऊस, तोच गुळव्या,
एक आधण जमतं, एक चिकट राहतं.

आणि तो गुरुवार.
सुई घेतली, भाकरी राहिली,
पाणी तयार होतं म्हणून बसलो.
उन्हानं, उबेनं सुईचं औषध पळत सुटतं,
हे मला कुणी सांगितलं नव्हतं, की मीच ऐकलं नव्हतं.
घाम आला, तर पाण्याचा वाटला.
हात थरथरले, तर म्हाताऱ्याचे वाटले.
मग भिंत लांब गेली
आणि मी ओरडू लागलो म्हणे,
"लागली! काहील लागली! उतरा!"

कस्तुरी धावली. फडताळातनं
शेवटच्या हंगामाची ढेप काढली,
काळी पडलेली, पाहुण्यांच्या खोकल्याला ठेवलेली,
आणि माझ्या गालात खडा कोंबला.
सहा वर्षं चोरूनसुद्धा न चाखलेला माझा गूळ.
किंचित खारट होता. चुना जास्त झाला होता त्या साली,
हे मला त्या शुद्धीतही कळलं.

बावन्न. मग सत्तर. मग अठ्ठ्याण्णव.
डॉक्टरच्या शिव्या दोन भाषांत ऐकल्या.
आता टाकीच्या वर कोळशानं लिहिलंय:
आधी यंत्र. मग भाकरी.
सुई घेतल्या घेतल्या पाणी न्हाई.
खाली तिनं कन्नडात काहीतरी लिहिलंय,
मला वाचता येत न्हाई, विचारलं तर हसते.

आज वाफ धरलीय. कोंबड्या काहिलीवर अंग फुगवून.
ती पदर खोचते, वाकते,
कोपर पाण्यात धरून गप्प राहते बराच वेळ.
मी तिच्या तोंडाकडं बघतो,
माझ्याकडं आठजण बघायचे तसा.

कोपर झटकते.
"उतरा, मामा."